‘सांगितलं असतंस तर केलं असतं’: नोकरी करणाऱ्या आयांसाठी धागा (आभार, चीड आणि स्वतःसाठी मनात धरलेलं काही)

पहाटवेळ

गेल्या मंगळवारी ऑफिसात असताना धाकटीच्या शाळेतून फोन आला. सहलीचं संमतीपत्र पोचलं नव्हतं आणि मुदत आदल्या दिवशी संपली होती. पत्र माझ्याच पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. सही केलेलं, चार घड्या घातलेलं. चार दिवस मी ते घेऊन हिंडत होते. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो मनापासून म्हणाला, "अगं, मला सांगितलं असतंस तर मी सकाळी देऊन आलो असतो."

आणि खरंच दिलं असतं. तो शब्दाचा पक्का आहे. तरी ते वाक्य मला लागलं आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही. पत्र नेऊन देणं हे पाच मिनिटांचं काम. ते आहे, त्याला मुदत आहे, मुदत जवळ आली आहे, हे चार दिवस डोक्यात वागवणं हे काम मोठं होतं, आणि ते माझ्याकडे आहे हे आमच्या घरात कधी कोणी ठरवलंच नव्हतं.

त्या रात्री वही काढली. मन जड झालं की मी वहीत कोणाकोणाचे आभार मानायचे ते लिहिते, जुनी सवय आहे. दोन नावं लगेच सुचली.

पहिल्या पाळणाघरातल्या ताई. धाकटी दीड वर्षांची असताना तिला झोपताना स्वतःचा डावा कान धरायची सवय होती. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, मलाच ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं सुचलं नाही. थंडीचे दिवस होते, मी तिला टोपी घालून सोडायचे. तिसऱ्या आठवड्यात ताई म्हणाल्या, "टोपी असली की हिला झोप लागत नाही. कान सापडत नाही ना तिला. मी झोपवताना काढते, उठली की परत घालते." मी तिथेच दारात उभी राहून रडले. नोकरीवर परत रुजू झाल्यापासून पोटात जो गोळा होता, तो त्या दिवशी सुटला.

दुसरी माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी. आमची साप्ताहिक बैठक साडेपाचला असायची आणि पाळणाघर सहाला बंद व्हायचं. एक दिवस बैठकीची वेळ तीन झाली. ती तिने बदलून घेतली होती. मला काही बोलली नाही, मला वर्षभराने दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

लिहिता लिहिता ध्यानात आलं की दोघींनी जे केलं ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पाहिलं आणि केलं. आणि मला ज्याची चीड येते ते सगळं नेमकं याच्या उलट आहे. रात्री दहा वाजता शाळेच्या ग्रुपवर येणारं "उद्या पांढरा टीशर्ट घालून पाठवा". "तुला कसं गं जमतं सगळं?" हे कौतुक, जे नवऱ्याला आजवर कोणी केलेलं नाही. आणि "मी मदत करतो ना घरात" यातली ती मदत. मदत कोणाच्या कामात करतात?

आता स्वतःसाठी मनात धरलेलं. मला पोहायला शिकायचं आहे. वय ३८. दर शनिवारी धाकटीच्या पोहण्याच्या वर्गाला मी पाऊण तास बाकावर बसते. मांडीवर तिचा टॉवेल, हातात फोन, फोनवर पुढच्या आठवड्याच्या याद्या. तलाव तोच, वेळ तीच, शेजारच्या पट्ट्यात मोठ्यांचा वर्ग चालू असतो. गेली दोन वर्षं मी तो नुसता बघते आहे.

तुम्हीही लिहा. कोणाचे आभार, कशाची चीड, स्वतःसाठी काय. "आपण किती भाग्यवान आहोत ते बघा" असा सल्ला मात्र इथे कोणी कोणाला देऊ नका, ही कळकळीची विनंती.

दोन_वेण्या

रात्री दहाच्या निरोपाला हजारदा अनुमोदन! आमच्याकडे एकदा रात्री साडेदहाला "जुन्या वर्तमानपत्राचे कागद आणि सुतळी" आलं होतं. घरात सुतळी नव्हती.

आभार: माझ्या मोठ्याचे. वय वर्षं नऊ. सकाळी मी चपलेत पाय घालत असते तेव्हा तो खाली बसून धाकट्याच्या बुटाची नाडी बांधत असतो. कोणी शिकवलं नाही. दुहेरी गाठ मारतो.

स्वतःसाठी: अजून काही सुचत नाही, आणि हे लिहिताना खूप वाईट वाटलं. सुचलं की परत येऊन लिहीन.

निळी_शाई

पहाटवेळ, तू ज्याबद्दल लिहिलं आहेस त्यावर समाजशास्त्रात नेमकं काम झालेलं आहे. माझ्या अभ्यासाचा विषय जवळचा आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ॲलिसन डॅमिंजर या संशोधिकेने २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारित लेख लिहिला. नवरा आणि बायको, दोघांशी वेगवेगळं बोलून. घरकामाचा जो भाग डोक्यात चालतो त्याचे तिने चार तुकडे केले: पुढे काय लागणार आहे हे आधीच ओळखणं, त्यासाठी काय काय करता येईल ते शोधणं, त्यातलं एक ठरवणं, आणि ठरलेलं झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवण्याच्या टप्प्यावर बरेच नवरे बायकोच्या बरोबरीने होते. आधी ओळखणं आणि शेवटी लक्ष ठेवणं हे दोन तुकडे मात्र मुख्यतः बायकांकडे होते. म्हणूनच घरात "आम्ही सगळं मिळून ठरवतो" हेही खरं असतं आणि तू थकलेली असतेस हेही खरं असतं.

तुझं संमतीपत्र यात बसवून बघ. मुदत ध्यानात ठेवणं तुझं, पाठवायचं की नाही हे दोघांचं, पोचलं का ते बघणं तुझं. "सांगितलं असतंस तर" या वाक्यात पहिला आणि शेवटचा तुकडा तुझाच, असं गृहीत धरलेलं आहे.

आणि हे फक्त डोक्यातल्या कामाचं झालं. हातापायांच्या कामाचा आकडा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालात आहे: बिनपगारी घरकाम आणि संगोपन यावर जगभरात बायका दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं घालवतात, पुरुष १ तास २३ मिनिटं. डोक्यात वागवलेली संमतीपत्रं यात कशी मोजणार? पर्समध्ये पत्र घेऊन तू ऑफिसात बसली होतीस तेव्हा हिशेबात तू नोकरीच करत होतीस.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. मोठ्या रुग्णालयात, बहुतेक रात्रपाळ्या. धाग्याचं नाव वाचून आत आले.

आभार माझ्या तेव्हाच्या वॉर्ड इन्चार्जचे. बाळ पाच महिन्यांचं असताना मी कामावर रुजू झाले. दूध काढायला जागा म्हणून मला सामानाची खोली दाखवली होती. आतून कडी नाही, पाठीशी सलाइनचे खोके, दार उघडलं की उजेड सरळ अंगावर. पहिल्या रात्री मी एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने पंप चालवला. दुसऱ्या रात्री गेले तर दाराला आतून नवी कडी बसवलेली होती, खुर्ची होती, आणि औषधांच्या नव्हे तर आमच्या खोलीतल्या फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा करून त्यावर पट्टी चिकटवली होती: "हा कप्पा बाळाचा". मॅडम तशा कडक होत्या, कधी गोड बोलल्या नाहीत. पण त्या पट्टीवरचं अक्षर त्यांचं होतं.

नवीन आयांसाठी उपयोगी म्हणून लिहिते: काढलेलं ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास चालतं, फ्रिजमध्ये ४ दिवस. फ्रिजच्या दारात ठेवू नका, उघडझाप होऊन तिथलं तापमान हलत राहतं. आत मागच्या बाजूला ठेवा आणि बाटलीवर तारीख-वेळ घाला. एकदा बाळाने तोंड लावलेलं उरलं तर २ तासांत संपवा, नाहीतर टाका. टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे.

चीड: दिवसा झोपलेली असते तेव्हा येणारे फोन. "घरीच आहेस ना, मग जरा..." मी घरी आहे कारण रात्रभर जागी होते.

स्वतःसाठी: सलग सात तास झोप. महिन्यातून दहा दिवस तरी.

एकटीच_पुरे

वाचते आहे आणि थोडं परकं वाटतं आहे, ते लिहून टाकते.

माझ्या घरात "सांगितलं असतंस तर" म्हणणारंही कोणी नाही. मुलगा सात वर्षांचा, मी आणि तो. ओळखणं, शोधणं, ठरवणं, लक्ष ठेवणं, नेऊन देणं, सगळं माझं. त्याला ताप आला की मध्यरात्री थर्मामीटरचा आकडा मोठ्याने वाचते, कारण ऐकायला दुसरं कोणी नसतं आणि आकडा मनातच ठेवला तर भीती वाढते.

आभार मानायची मला शिकवण फार झाली. "निदान नोकरी तरी आहे." "निदान मुलगा समजूतदार आहे." या 'निदान'ची मला खरी चीड आहे. मी काही बोलायला तोंड उघडलं की समोरून निदान येतं आणि माझं बोलणं तिथेच थांबतं.

आणखी एक. तुम्ही सगळ्या न सांगता केलेल्याचे आभार मानता आहात. माझं उलट आहे. मला सांगायलाच शिकायचं आहे. खालच्या मजल्यावरच्या बाई मला दोनदा म्हणाल्या, "कधी उशीर झाला तर मुलाला आमच्याकडे बसव." मी दोन्ही वेळा "नको, होईल" म्हटलं. या वर्षात एकदा तरी त्यांचं दार वाजवून "आज बसवू का?" असं विचारायचं, हे मी स्वतःसाठी धरलं आहे. तुम्हाला छोटं वाटेल.

पहाटवेळ

मला अजिबात छोटं वाटलं नाही. उलट तुझं वाचून माझ्या लिहिण्यातली त्रुटी दिसली. त्या बाईंनीही पाहिलं होतं, म्हणूनच विचारलं. पाहणाऱ्याला आत येऊ देणं हे आपल्या बाजूचं काम आहे, आणि मी ते कधी धरलंच नव्हतं. निदानाबद्दल तर काय बोलू. हा शब्द माझ्याही तोंडून गेला आहे, धाकट्या बहिणीशी बोलताना. आज तिला फोन करते.

दोघांचा_बाबा

इथे लिहू का नको, दोन दिवस विचार केला. ते वाक्य मी अनेकदा बोललो आहे, आणि बोलताना मला ते चांगुलपणाचं वाटायचं.

गेल्या वर्षी बायको कामासाठी तीन आठवडे परगावी होती. जाताना तिने यादी द्यायला घेतली, मी म्हटलं यादी नको, बघतो मी. पहिल्या आठवड्यात मुलीची नखं वाढलेली दिसली नाहीत. शाळेतून परत आली तेव्हा भावाच्या गालावर ओरखडा होता. घरात नखं ही गोष्ट आहे, ती दर काही दिवसांनी वाढतात आणि कोणाच्या तरी ध्यानात राहावी लागतात, याचा मी नऊ वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. मला ती कायम कापलेलीच दिसायची. तेव्हापासून नखं माझी. रविवारी अंघोळीनंतर, मऊ असतात तेव्हा.

माझी चीड सांगतो. शाळेच्या अर्जात संपर्कासाठी पहिला नंबर माझा आहे, आम्ही मुद्दाम तसा लिहिला. तरी मुलगा पडला की फोन तिला जातो. मी एकदा जाऊन विचारलं तर म्हणाले, "आईला केलेला बरा." या सवयीमुळे तिचं काम वाढतं आणि माझं मुलांपासूनचं अंतरही वाढतं.

आणि एक नम्र सांगणं. काम दिल्यावर ते पूर्ण सोडा. पहिले काही महिने मी नखं कापली की बायको मुलीचे हात उलटसुलट करून बघायची. तिला वाईट हेतू नव्हता, पण ती बघते आहे म्हटल्यावर माझं लक्ष सैल व्हायचं. तिने बघणं थांबवलं तेव्हा ते खऱ्या अर्थाने माझ्याकडे आलं.

निळी_शाई

दोघांचा_बाबा, हेच. शेवटचा तुकडा, लक्ष ठेवणं, तो द्यायला सर्वात अवघड असतो.

एकटीच_पुरे, 'निदान'बद्दल एक सांगावंसं वाटतं. कृतज्ञतेच्या वहीचा सल्ला जिथेतिथे मिळतो, त्यामागचा गाजलेला अभ्यास रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचा, २००३ चा. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते आणि ते दहा आठवडे, आठवड्यातून एकदा लिहायचे. एका गटाने ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने त्रासाच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. कृतज्ञतेच्या गटाला आयुष्याबद्दल जास्त समाधान वाटलं, त्यांनी व्यायामही जास्त केला. पण त्यांनी काय लिहावं हे त्यांचं त्यांनी निवडलं होतं. दुसऱ्याने हातात दिलेलं 'निदान' त्या वहीत नव्हतं. तुझ्या त्रासावर झाकण म्हणून कोणी आभार मागत असेल तर त्याला या अभ्यासाचा आधार नाही.

मुलं_मोठी_झाली

माझं वय ५७. दोन्ही मुलं नोकरीला लागली. तुमचं वाचताना सगळं काल घडल्यासारखं आठवलं.

चीड एकच उरली आहे: "तुम्हीच तर निवडलं होतं." मी दोनदा बढती नाकारली, दोन्ही वेळा धाकटा लहान होता. कागदावर ती निवड माझीच दिसते. २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं तेव्हा त्यांच्या कामाबद्दल वाचलं. एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत आज जो फरक आहे, तो मोठ्या प्रमाणात पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडतो, असं त्यांनी दाखवलं. वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. पंचवीस वर्षं मी तो माझा एकटीचा निर्णय म्हणून सांभाळला होता.

आभार माझ्या सासूबाईंचे. त्या फार कमी बोलायच्या. मी कामावरून आले की पहिली दहा मिनिटं मुलांना माझ्याकडे येऊ द्यायच्या नाहीत. दार लावून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी तिचं तोंड धुऊन होऊ दे." त्या गेल्या त्याला बारा वर्षं झाली. अजून घरी आले की आधी तोंड धुते.

स्वतःसाठी: अर्धवट सोडलेली पदव्युत्तर पदवी. गणित. अर्ज भरला आहे.

उभा_पाऊस

पहाटवेळ, तुझ्या पोहण्याबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते. शनिवार हातचे गेले की "माझ्याने होत नाही" म्हणून तू सोडशील ही भीती आहे, कारण मी तशीच चित्रकला दोनदा सोडली.

मग फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा सवयींवरचा अभ्यास वाचनात आला, २०१० चा. ९६ लोकांनी रोज एक नवी छोटी गोष्ट करायची ठरवली. ती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांची मध्यम संख्या ६६ निघाली, पण माणसामाणसांत फरक प्रचंड होता, १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. मला धीर देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. माझं मूल महिन्यातून एकदा तरी आजारी पडतं. चुकणं माझ्या वेळापत्रकात आधीच धरलेलं आहे. आता रोज रात्री मूल झोपलं की दहा मिनिटं पेन्सिल. चौथा महिना आहे. बहुतेक वेळा झोपलेल्या मुलाचा हातच काढते, तो तेवढा वेळ स्थिर असतो.

दोन_वेण्या

परत आले, सांगितलं होतं तसं. सुचलं. मला एकटीने, कोणतंही काम न जोडता, एक तास चालायचं आहे. येताना काही आणायचं नाही.

एकटीच_पुरे

काल दार वाजवलं. सव्वासात ते साडेआठ. मुलगा परत यायला तयार नव्हता.

पहाटवेळ

तीन आठवडे झाले. एकटीच_पुरे, तुझा प्रतिसाद बसमध्ये वाचला आणि उतरायचा थांबा पुढे गेला!

आमच्याकडे काय झालं ते सांगते. निळी_शाईने लिहिलेले चार तुकडे नवऱ्याला वाचून दाखवले. तो वाद घालेल असं वाटलं होतं, त्याने फक्त विचारलं, "मग एखादी गोष्ट चारही तुकड्यांसकट घेतो. कुठली घेऊ?" आम्ही मुलींचे कपडे आणि बूट ठरवलं. कोणाला काय अपुरं पडतंय, कधी आणायचं, कुठलं आणायचं, लहान झालेलं कोणाला द्यायचं, सगळं त्याचं. मी बघायचं नाही, आठवण करायची नाही.

दुसऱ्याच आठवड्यात माझी परीक्षा आली. मोठी पायऱ्या उतरताना उजवा पाय जरा तिरका टाकत होती. मला पाहताक्षणी कळलं, बूट चावतोय. सांगू का? जिभेवर आलं होतं. दुखतंय का, एवढं तिला विचारलं, ती नाही म्हणाली. रात्री शू-रॅकशी जाऊन तिच्या बुटाला बाहेरून हात लावला आणि तसाच परत आले. दोन दिवस मी हे गिळलं. मला हे सोपं गेलं नाही, मुलीच्या पायाचा प्रश्न होता. शनिवारपर्यंत वाट बघायची आणि मग सांगायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर तो जमिनीवर बसला होता आणि मोठी त्याच्यासमोर बूट घालून उभी. तो तिच्या पायाच्या पुढच्या बाजूला अंगठा दाबून बघत होता. "बसू नकोस, उभीच राहा, उभं राहिलं की पाऊल पसरतं," तो तिला सांगत होता. "इथे माझ्या अंगठ्याएवढी जागा पाहिजे. काही नाहीये." मग त्याने तिला एका कागदावर उभं केलं आणि दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली. धाकटीला वाटलं खेळ चालला आहे, तीही कागद घेऊन आली. तिचीही पावलं काढली.

मी तोंड धुवायला गेले. मुलं_मोठी_झाली, तुमच्या सासूबाईंची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तो मुलींना घेऊन तलावावर आला. धाकटी तिच्या वर्गात गेली, तो टॉवेल घेऊन बाकावर बसला, मोठी शेजारी नवे बूट घालून. मी शेजारच्या पट्ट्यात उतरले. पाणी छातीपर्यंत होतं आणि मला वाटलं होतं त्याहून खूप गार. शिकवणाऱ्या बाईंनी कडेला धरून तोंड पाण्यात घालायला आणि बुडबुडे सोडायला सांगितलं. पहिल्या तीन वेळा नाकात पाणी गेलं. चौथ्या वेळी पाण्याखाली डोळे उघडे ठेवले, तर पलीकडच्या पट्ट्यात धाकटीचे पाय दिसत होते.